उखळ धुवायचं नसतं

ओढा आटला त्या दिवशी तो दोन पोती दगड घेऊन डोंगरावरून खाली आला. वर खड्डे खणायचे, दगड फोडायचे, ओढ्याच्या पाण्यात भुगा धुऊन तळाशी काही पिवळं उरतंय का बघायचं, असं त्याचं आठ महिने चाललं होतं. आता ओढ्यात पाणी म्हणून नाव नव्हतं. नुसता चिखल, आणि त्यालाही भेगा.

दारात त्यानं पोती टाकली तशी फळीवरची भांडी किणकिणली.

"आला वाटतं डोंगर घरी," आतून त्याची आई म्हणाली. म्हातारीला आता चेहरे दिसत नव्हते. माणूस हलला की सावली हलल्यासारखं दिसायचं तेवढंच. बाकी सगळं ती कानांनी आणि बोटांनी बघायची.

त्याची बायको अंगणात केर धूत होती. तीन पिढ्या या घराचं पोट सोनाराच्या केरावर भरत आलं होतं. दुकानातली जमीन झाडायची, कारागिरांच्या चटया झटकायच्या, सोनं वितळवून फुटलेल्या मुशींचे तुकडे वेचायचे, सगळं पोत्यात भरून घरी आणायचं. मग जाळायचं, कुटायचं, लाकडी थाळ्यात पाणी घेऊन हलवत हलवत धुवायचं. माती जाते, राख जाते, आणि शेवटी डोळ्यांत पाणी आणून बघावं तेव्हा एक पिवळी रेघ उरते. झारेकऱ्याचं काम. लोकांनी टाकलेलं उचलायचं आणि त्यातलं नेमकं तेवढं ठेवून घ्यायचं.

त्याला हे काम कधी आवडलं नाही. दुसऱ्याच्या पायाखालचं सोनं वेचण्यात काय मर्दुमकी, असं तो म्हणायचा. केर बायकोच्या गळ्यात टाकून तो डोंगरावर गेला. गल्लीनं त्याचं नाव डोंगरराजे ठेवलं. आठ महिन्यांत राजांचा रंग उडाला, गालफडं बसली, आणि दगडाच्या धुळीनं छातीत अशी खरखर भरली की तो हसला तरी आधी खोकल्यासारखा आवाज यायचा. हसणंही फारसं राहिलं नव्हतं म्हणा.

पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला की कचेरीनं दिलेली खणायची परवानगी दहा दिवसांनी संपतेय. तोवर दगडात सोनं दाखवलं तर तो उतार आपल्या नावावर. नाही दाखवलं तर कुदळ-फावडं उचलायचं. ओढा तर मेला. तेव्हा दगड घरच्या उखळात कुटू आणि घरच्या पाण्यात धुऊ. बोलताना तो एका जागी उभा नव्हता. पोत्याजवळ जायचा, दाराजवळ जायचा, परत पोत्याजवळ.

"कुटू की," बायको म्हणाली. "दगडाला काय, कुठंही मार खायचा."

उखळ परसात होतं. काळं, लोखंडी, गुडघ्याएवढं उंच. तळाला देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे पडलेले. ती लग्न होऊन आली त्या दिवशी म्हातारीनं तिला पहिली गोष्ट सांगितली होती ती चुलीची नाही, उखळाची. हे कधी धुवायचं नाही. काम झालं की कुंच्यानं हलकंसं झाडायचं, बस्स. उखळात राहिलं ते गेलं नाही, ते घरात आहे. आज नाही तर उद्या वर येईल. धुतलंस तर मोरीतून जाईल आणि कुणाचंच राहणार नाही. ती ते शिकली. बारा वर्षांत उखळाला तिनं पाण्याचा थेंब लावला नव्हता. हात धुवायला विसरली असेल एखाद्या वेळी, हे विसरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कुटायला घेतलं. वरच्या खड्ड्यातला दगड पांढरा होता, गारगोटीचा. मुसळ पडलं की ठिणगी उडायची आणि तोंडाला दाताखाली खडा आल्यासारखी चव यायची. तो दहा घाव घालायचा आणि खोकायला थांबायचा. मग ती मुसळ घ्यायची. दोघांच्या पापण्या पांढऱ्या झाल्या. म्हातारी फडक्यातून भुगा चाळत बसली होती आणि घावांच्या ठेक्यावर तिचा आवाज आपोआप लागला:

*दगडा रे दगडा, तुझं पोट किती खोल,*
*हात सोलले गं माझे, एकदा तरी बोल.*

"आई, गाऊ नको," तो म्हणाला. "ध्यान जातं."

"माझ्या गाण्यानं सोनं पळत असेल तर ते आपलं नव्हेच," म्हातारी म्हणाली, आणि ओठांतल्या ओठांत गात राहिली.

धुवायचं काम बायकोचंच. त्यानं डोंगरावर आठ महिने थाळा फिरवला होता. पण हे पाणी तिच्या मनगटाला ओळखायचं. भुगा पाण्यात भिजला, फिरला, हलकं ते कडेवरून ओघळून गेलं. तळाशी काळी रेती राहिली. तिनं लोहचुंबकानं ती उचलली, पुन्हा पाणी घातलं, थाळा कलता केला. आणि रेतीच्या टोकाला पिवळी रेघ उमटली. केसाएवढी. पण उन्हात ती अशी बसली होती की नजर दुसरीकडे जाईना.

तो उठला, माठातलं पाणी प्यायला, परत येऊन बसला. रेघ तिथंच होती. पुन्हा उठला, गल्लीत जाऊन आला. मग म्हातारीचा हात धरून त्यानं तिचं बोट थाळ्यापाशी नेलं आणि मोठ्यानं म्हणाला, "आई, आलं गं." त्याच्या आवाजानं कुंपणावरची चिमणी उडाली. म्हातारीनं बोट काढून घेतलं आणि ते पदराला पुसत बसली.

त्याच पांढऱ्या दगडाचा उरलेला भुगा त्यानं कचेरीत नेऊन दिला. तिथल्या तपासनिसाच्या भुवया भट्टीच्या झळीनं जळालेल्या होत्या. त्यानं भुगा मुशीत शिशाबरोबर वितळवला आणि दोन दिवसांनी सांगितलं, आहे. पण एका चाचणीवर उतार देता येत नाही. दुसऱ्या खड्ड्यातला नमुना शनिवारी आणून द्या, आणि सोमवारी मी स्वतः वर चढून बघतो.

घरी येताना तो वाटेतच सोनाराच्या दुकानात शिरला. ती तेव्हा तिथंच होती, गुडघ्यांवर बसून चटईखालची धूळ गोळा करत. त्यानं तिच्या हातातला झाडू घेतला, कोपऱ्यात उभा केला, आणि सोनाराला सांगितलं की सोमवारपासून आमची माणसं यायची नाहीत. आम्ही डोंगरावर राहायला जातोय.

सोनार थंड माणूस. हातातली बाळी तोलून झाल्यावरच त्यानं मान वर केली. "विचार केलायस ना? केर मागणारे दाराशी उभे आहेत. एकदा दुसऱ्याला सांगितलं की सांगितलं."

"तुमचा केर तुम्हाला लखलाभ," तो म्हणाला. "आता तुम्हीच माझ्याकडं याल, सोनं घ्यायला."

कारागीर हसले. एक म्हणाला, राजे, येताना आम्हालाही प्रधान करा. तिनं पोतं डोक्यावर घेतलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण नवऱ्याची पाठ इतकी ताठ तिनं किती दिवसांत पाहिली नव्हती. तिनं त्या पाठीकडं बघत वाट संपवली.

मग घराला भिंगरी लागली. तो बसेचना. भांडी काढून बांध, बांधलेली सोड. वर झोपडी कुठं घालायची, आईला कोणत्या बाजूनं चढवायचं, पाणी कुठून आणायचं. जेवतानाही एक पाय उंबऱ्याबाहेर. म्हातारी विचारायची, अरे, तुझ्या ढुंगणाला काटे आलेत का? त्यावर तो हसायचा, खोकायचा, पुन्हा उठायचा.

शुक्रवारी सकाळी दुसरा नमुना कुटला. खालच्या खड्ड्यातला दगड तांबडा होता, ठिसूळ, पांढऱ्याशी त्याचं काही नातं नसलेला. आणि त्यातूनही तशीच रेघ आली. तशीच केसाएवढी, तशाच रंगाची.

त्यानं मांडीवर थाप मारली. ती मात्र थाळ्यावरून उठली नाही. पांढरा दगड, तांबडा दगड. वरचा खड्डा, खालचा खड्डा. आईसुद्धा दोन पोरांना इतकं सारखं वाढत नाही. तिनं थाळा डोळ्यांजवळ नेला. रेघेच्या शेपटीला एक कण होता, खसखशीहून बारीक, आणि तो गोल होता. गरगरीत गोल. असे कण तिनं हजार पाहिले होते. सोनं वितळतं, मुशीला चिकटून थिजतं, तेव्हा अशी गोळी होते. डोंगराच्या पोटातल्या सोन्यानं आग कुठं पाहिलेली असते?

तिनं थाळा खाली ठेवला. तो झोपडीची जागा बघायला डोंगरावर गेला आणि दुपारी गल्ली उन्हानं मिटल्यासारखी झाली तेव्हा तिनं हातोडी घेतली. अंगणात धुणं धुवायचा दगड होता. त्याचा कोपरा तिनं फोडला, उखळात टाकला आणि कुटायला लागली.

"हा डोंगरावरचा दगड नाही," म्हातारी आतून म्हणाली. "आवाज वेगळा आहे."

ती कुटत राहिली. चाळलं, धुतलं. थाळा कलता केला.

पिवळी रेघ आली. थोडी आखूड, पण आली.

बारा वर्षं तिनं उखळाला पाणी लावलं नव्हतं. तिच्या आधी म्हातारीनं लावलं नव्हतं, म्हातारीच्या सासूनं लावलं नव्हतं. तिघींनी राखून ठेवलेलं सगळं त्या तळच्या खड्ड्यांत बसलं होतं, आणि गारगोटीनं ते खरवडून काढलं होतं.

म्हातारी भिंत धरत अंगणात आली आणि थाळ्याशेजारी बसली.

"आत्याबाई, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवशीच. बोट लावलं ना मी. आपलं सोनं मला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

म्हातारी बराच वेळ थाळ्यातल्या पाण्याशी चाळा करत राहिली. "आठ महिन्यांनी पोरगं घरात मोठ्यानं बोललं," ती म्हणाली. "ते मी बंद करू? तू कर बाई. तू बायको आहेस, तुझ्यावर चिडता तरी येईल त्याला."

संध्याकाळी तो आला तो भाजलेल्या मातीच्या रंगाचा होऊन. जागा मिळाली होती. आडोशामुळं वारा लागत नाही, सकाळचं ऊन दारात येतं, म्हणाला. जेवताना त्यानं हातानं ताटातच झोपडी आखून दाखवली, हे दार, ही आईची जागा, ही तुझी चूल मांडायची. तिच्या तोंडातला घास फिरत राहिला. सांगणं झालं नाही.

शनिवारी सकाळी तो तांबड्या दगडाचा भुगा पुडीत बांधत होता. तिनं पुडीवर हात ठेवला आणि सांगितलं. एका दमात, खाली बघून.

तो आधी हसला. मग हसणं चेहऱ्यावरच वाळलं. "तुला केर सोडवत नाही," तो म्हणाला. "केरात बसून बसून तुझी नजर केराची झालीय. सोनं दिसलं तरी आधी घाण दिसते तुला."

तिनं धुण्याच्या दगडाचा दुसरा तुकडा त्याच्यासमोर ठेवला. "कुटा."

"कुठल्या खड्ड्यातला?"

"आपल्या अंगणातला."

त्यानं रागानं कुटला. इतक्या रागानं की मुसळाचा धक्का बसून उखळ जागचं सरकलं. चाळायला म्हातारीकडं दिला नाही, स्वतः चाळला. स्वतः धुतला. रेघ आली तेव्हा तो थाळ्याकडं बघत राहिला, आणि मग हळूच, चोरासारखा, त्यानं मान वळवून अंगणाकडं पाहिलं.

"म्हणजे," तो म्हणाला, "इथंही आहे."

असं काही तो म्हणेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. ती उठली, छपराच्या कडेचं फुटकं कौल ओढून काढलं आणि आणून त्याच्या मांडीवर ठेवलं.

"आणि कौलातही?"

कौल त्यानं कुटलं नाही. ते मांडीवर घेऊन तो बसून राहिला, तान्हं मूल झोपल्यावर बसतात तसा. आतून म्हातारीचा श्वास ऐकू येत होता. मग कौल खाली ठेवून तो म्हणाला, "डोंगराला एकदा नीट विचारू दे. तुझ्या उखळाशिवाय."

गल्लीच्या टोकाला लोहार होता. त्याच्या ऐरणीवर घोड्याचे नाल आणि कुऱ्हाडी, सोन्याचा जन्मात संबंध नाही. दोघं दोन्ही प्रकारचे उरलेले दगड घेऊन तिथं गेली. थाळाही नको, लाकडाच्या रेषांत काय अडकलं असेल कोण जाणे, म्हणून तिनं लोहाराच्या बायकोची पीठ मळायची परात मागून घेतली. ती बाई म्हणाली, न्या, पण सोनं निघालं तर परातीला पाय फुटू देऊ नका. तिनं हसून दाखवलं. मग लोहाराची कात्री घेऊन तिनं दहाही बोटांची नखं जिव्हाळीपर्यंत कापली, हात राखेनं घासले, आणि विहिरीवरून चार खेपा पाणी आणलं.

तो ऐरणीवर दगड फोडत होता. लोहार भाता सोडून बघत उभा राहिला आणि म्हणाला, अरे, लोखंड बरं, निदान तापलं की ऐकतं तरी.

पहिला भुगा तिनं धुतला. काळी रेती. चुंबकानं रेती उचलली आणि परातीचा तळ उघडा पडला. ती परात त्याच्यासमोर धरून बसली. आठ महिने तो डोंगरावर काय बघत होता ते तिला तेव्हा पहिल्यांदा दिसलं: इतकं स्वच्छ, इतकं रिकामं.

"पुन्हा," तो म्हणाला.

तांबडा धुतला. पुन्हा पांढरा. शेवटचा त्यानं स्वतः धुतला, इतका सावकाश की लोहाराची बायको परातीची वाट बघून आत निघून गेली. पाणी संपलं. त्यानं तळावरून ओलं बोट फिरवलं, बोट उन्हात धरलं, आणि ते पायजम्याला पुसलं.

"काही नाही," तो म्हणाला. ती म्हणाली नव्हती. हे त्यानंच म्हणावं म्हणून ती ओठ दाबून बसली होती.

कचेरी बंद व्हायच्या आत तो जाऊन आला. तिनं बरोबर येते म्हटलं, तर नको म्हणाला. तिथं काय झालं ते त्यानं दारातच, चपला काढता काढता सांगितलं. तपासनिसानं सगळं ऐकून घेतलं, वही उघडली, आधीच्या नोंदीवर काट मारली आणि म्हणाला, बरं झालं बुवा, त्या उन्हात चढायचं वाचलं. एवढंच. चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, तो म्हणाला.

रविवारभर तो घरात होता आणि घरात नव्हता. बांधलेली गाठोडी त्यानं एकेक करून सोडली, भांडी फळीवर लावली; उलटी लावली, म्हातारीनं बोटांनी चाचपून पुन्हा सुलटी केली. दर थोड्या वेळानं तो दारात जायचा आणि डोंगराकडं तोंड करून खोकायचा. ती बोलवायची नाही. परत यायचाच.

सोमवारी ती निघाली तेव्हा तो उठून मागं आला. तो जोडीला येईपर्यंत ती थांबली.

दुकानात दुसरी बाई झाडत होती. नवी होती, झाडू उभा धरायची, धूळ उडायची. तिला एकदा सांगावंसं वाटलं की आडवा धर, पण आता ते सांगायचा हक्क नव्हता. सोनारानं दोघांना उभं राहू दिलं. एक अंगठी झाली, दुसरी झाली. कारागिरांपैकी कुणी हसलं नाही, त्यानंच जास्त लागलं. मग सोनार म्हणाला की केर दिला तो दिला, शब्द फिरवता येत नाही. मागं हौद आहे. माणसं हात धुतात तो. त्याचा गाळ काढायला कुणी तयार नाही. हवा तर घ्या.

मागच्या बोळात सिमेंटचा हौद होता, कमरेएवढा उंच. वर साबणाचा काळा तवंग, त्यात केस, विड्यांची थोटकं, आणि तेजाबाचा वास असा की डोळे आपोआप मिटावेत. तो नाक न दाबता त्याच्याकडं बघत राहिला. आता हा पाठ फिरवून जाणार, तिला वाटलं. गेला तर बोलवायचं नाही, असंही तिनं ठरवलं.

त्यानं सदरा काढून तिच्या हातात दिला. काठावर पोट टेकवलं आणि बगलेपर्यंत हात आत घातला. खिडकीतून एका पोक्त कारागिरानं डोकं काढलं.

"राजे, खाणीत उतरलात?"

"सरका जरा," तो आतून म्हणाला, "अंगावर उडेल."

पहिली बादली त्यानं वर काढली. काळा, बुळबुळीत, जड गाळ. कोपरापासून खाली हाताचा रंग दिसत नव्हता. बादली तिच्यापुढं ठेवून तो तिथंच उकिडवा बसला, धाप जिरवत. इतक्या वर्षांत तिच्या कामाचं त्यानं काही विचारलं नव्हतं. आता खिडकीकडं एकदा बघून, आवाज खाली घेऊन त्यानं विचारलं,

"ह्याच्यात असतं?"

तिनं गाळात दोन बोटं घातली, अंगठ्यावर चोळली.

"थोडं असतं," ती म्हणाली. "पण असतं."

तो उठला. दुसरी बादली घेतली आणि पुन्हा काठावर वाकला.